पाण्याच्या वाटेवरचे बाबासाहेब

बाबासाहेबांची चरित्रे मराठीत पुष्कळ आहेत. चांगदेव खैरमोडे यांनी ते खंडामागून खंड लिहून उभे केले. धनंजय कीर यांचा ग्रंथ तर आपल्यापैकी अनेकांच्या घरी बुद्धमूर्तीशेजारच्या फळीवर असतो. त्यांच्याशी स्पर्धा करण्याचा आमचा विचार नाही. स्मरणिकेच्या या पानांत आम्ही ते चरित्र एका वेगळ्या वाटेने सांगणार आहोत, आणि ती वाट पाण्याची आहे. आमच्या वसतिगृहातील मुले नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतून येतात. मे महिन्यात गावी पाणी कोठून आणता, असे त्यांना विचारले तर प्रत्येकाजवळ एक वेगळी कथा निघते : कोणाची विहिरीची, कोणाची टँकरची, अलीकडे बहुतेकांची जारची. ज्यांच्या प्रतिमेला ही मुले रोज सकाळी वंदन करतात, त्यांच्याही बालपणाची पहिली मोठी आठवण तहानेचीच आहे. पाठ्यपुस्तकात ती दोन ओळींत उरकते. ती नीट सांगितली पाहिजे असे आम्हास वाटते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत भीमरावांचा जन्म झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार. निवृत्तीनंतर हे कुटुंब दापोलीस आणि पुढे साताऱ्यास आले. साताऱ्याच्या शाळेत भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. तहान लागली तर नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने तोटी उघडली तरच पाणी. शिपाई जागेवर नसला तर तहान तशीच घरी न्यावयाची. शाळा सरकारी होती, नळही सरकारी होता, आणि त्या नळाचे पाणी इतर मुलांना खुले होते, हे येथे ध्यानात घ्यावे. पाण्याची टंचाई तेथे नव्हती.

१९०१ साली रामजी खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपालाच्या कामावर होते. दुष्काळाने माणसे मरत होती आणि त्यांना काम मिळावे म्हणून मुंबई सरकारने तेथे तलाव खोदावयास घेतला होता. सुट्टीत वडिलांना भेटावयास भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले नवे कपडे घालून आगगाडीने निघाली. मसूर स्थानकावर उतरल्यावर त्यांना न्यावयास कोणी आलेले नव्हते. मुले कोणाची आहेत हे कळताच स्टेशनमास्तर दूर झाला आणि बैलगाडीवाले गाडी विटाळेल म्हणून अडून बसले. अखेर दुप्पट भाडे घेऊन, गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर, एक गाडीवाला तयार झाला. बरोबर भाकरतुकडा भरपूर होता. पाणी मात्र नव्हते. वाटेत जे डबके दाखविण्यात आले त्यातील पाणी चिखलासारखे होते आणि गुराढोरांच्या शेणामुताचा त्याला असह्य वास येत होता. मुलांनी जेवण आवरते घेतले. मध्यरात्रीच्या सुमारास टोलनाक्यावर पोहोचल्यावर त्यांनी आपण मुसलमान असल्याचे सांगून पाणी मागून पाहिले, तेही मिळाले नाही. तलाव खोदणाऱ्या खात्याच्या रोखपालाची मुले त्या रात्री उपाशी आणि तहानलेली झोपली.

वाचकांनी ते शेणामुताचे डबके लक्षात ठेवावे. पुढे महाडला त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईस आले. परळच्या डबक चाळीत, आणि पुढे सुधार विश्वस्त मंडळाने म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने बांधलेल्या चाळीत त्यांचे बिऱ्हाड झाले. १८९६ च्या प्लेगने मुंबई हादरली नसती तर ही चाळ बांधलीच गेली नसती. तोवर शहराला विहार, तुळशी आणि तानसा या तलावांचे पाणी नळाने येऊ लागले होते. विहारचे पाणी १८६० साली आले तेव्हा नळाचे पाणी सोवळ्यात चालते काय, यावर शास्त्रार्थ झडले होते. लोखंडी नळातून वाहत आलेल्या पाण्याला वाटेत कोणाकोणाचा स्पर्श झाला हे सांगता येईना, ही खरी अडचण होती. नळ जात विचारत नाही असे आपण आज सहज म्हणतो. पण नळ नुसता असून भागत नाही हे साताऱ्याच्या शाळेने दाखविलेच होते. मुंबईच्या चाळीत मात्र तोटीवर शिपाई उभा नव्हता. त्या चाळीतील दोन खोल्यांत भीमरावांनी कितीतरी वर्षे काढली.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ च्या ऑक्टोबरात लंडनला. त्यांच्या तेथील अभ्यासाविषयी इतके लिहिले गेले आहे की आम्ही त्यात भर घालत नाही. मात्र ज्या शहरांत ते राहिले ती शहरे पाण्याच्या बाबतीत काय करीत होती, हे आमच्या विषयाशी जवळचे आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे थोडे आडवळण घेण्याची परवानगी असावी.

लंडनमध्ये १८२९ साली जेम्स सिम्पसन या अभियंत्याने चेल्सी येथे टेम्स नदीचे पाणी वाळूच्या थरांतून गाळून पुरविण्यास आरंभ केला. वाळू, बारीक खडी, जाड खडी असे थर. वरून गढूळ पाणी सोडावयाचे, खालून निवळ पाणी घ्यावयाचे. आपल्या आज्या तीन मडक्यांच्या उतरंडीत हेच करीत. सिम्पसनला जे ठाऊक नव्हते ते नंतर कळले : वाळूच्या माथ्यावर काही दिवसांत सूक्ष्म जिवांची एक चिकट साय धरते आणि रोगजंतूंना खरा अटकाव तीच करते. १८५४ साली जॉन स्नो या डॉक्टरने लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील एका हातपंपाभोवतीचे पटकीचे मृत्यू नकाशावर मांडून पाण्याकडे बोट दाखविले. त्याहून बोलका दाखला जर्मनीतला आहे. एल्ब नदीकाठी हाम्बुर्ग आणि आल्टोना ही शहरे एकमेकांस लागून होती. हाम्बुर्ग नदीचे पाणी न गाळता पीत असे. आल्टोना प्रवाहाच्या खालच्या अंगास, म्हणजे हाम्बुर्गची सारी घाण मिसळलेले पाणी घेत असे. पण ते वाळूतून गाळून घेत असे. १८९२ च्या पटकीत हाम्बुर्गमध्ये आठ हजारांहून अधिक माणसे दगावली आणि आल्टोना जवळजवळ सुटले. सरहद्दीच्या एकाच रस्त्याच्या एका बाजूस प्रेते आणि दुसऱ्या बाजूस नेहमीचे दैनंदिन जीवन, असे ते दृश्य होते. महूच्या छावणीत जन्मलेले मूल तेव्हा एक वर्षाचे होते. रॉबर्ट कॉख यांनी या घटनेचा अभ्यास करून गाळणीचे सामर्थ्य जगापुढे मांडले. आणि बाबासाहेब ज्या वर्षी लंडनला पोहोचले त्याच वर्षी तेथे टेम्सच्या पाण्यात क्लोरीन मिसळण्यास सुरुवात झाली होती.

पाणी अशुद्ध कशाने होते या प्रश्नाला एका जगाने असे उत्तर दिले होते. ते उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली तपासून पाहता येत होते. आता १९१७ साली पदव्या घेऊन परतलेल्या बाबासाहेबांना स्वदेशाने कोणते उत्तर दिले ते पाहा. बडोद्याच्या कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून कागद फेकीत आणि पिण्याचे पाणी त्यांना मिळत नसे. पुढे १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथे प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी त्यांनी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. माठ तोच, पाणी तेच, नळही मुंबईचाच. बदलला होता फक्त हात.

१९२३ साली ते बॅरिस्टर होऊन आले. त्याच वर्षी ४ ऑगस्टला मुंबई विधिमंडळात रावबहादुर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा तो ठराव. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले झाल्याचे ठरविले. कागदावर तळे खुले झाले. तळ्यावर मात्र कोणी गेला नाही, जाण्याची कोणाची छाती नव्हती.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. हजारो माणसे जमली होती. या परिषदेच्या जमाखर्चातली एक नोंद आम्हास नेहमी अस्वस्थ करते : जमलेल्या लोकांना पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. गावात भले मोठे तळे, ते नगरपालिकेच्या ठरावाने खुले, आणि तरी पाणी विकत. १९२७ सालचे चाळीस रुपये म्हणजे किती, हे ज्येष्ठ वाचकांना सांगावयास नको.

२० मार्चला परिषद संपताना मिरवणूक तळ्याकडे वळली. बाबासाहेब पायऱ्या उतरले आणि त्यांनी ओंजळीत पाणी घेतले. मागून आलेल्या हजारोंनी घेतले. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून थोड्याच वेळात परतणाऱ्या, जेवत बसलेल्या लोकांवर लाठ्या चालविण्यात आल्या. बायकामुलांनाही मार बसला. सूड घेण्यास सिद्ध झालेल्या आपल्या माणसांना बाबासाहेबांनी त्या दिवशी आवरले. हातात संख्याबळ असताना हात आवरता घेणे हे आम्हास त्या दिवसातील सर्वांत कठीण काम वाटते, आणि इतिहास शिकविताना आम्ही त्यावर मुद्दाम थांबतो.

त्यानंतर तळ्याची शुद्धी करण्यात आली. दूध, दही, गाईचे शेण आणि गोमूत्र यांनी भरलेल्या एकशे आठ घागरी मंत्रोच्चारात तळ्यात बुडविण्यात आल्या आणि तळे पुन्हा पिण्यास योग्य झाल्याचे जाहीर झाले. दहा वर्षांच्या मुलाने ज्याच्या वासाने जेवण अर्धवट सोडले, तेच शेणमूत येथे पाणी शुद्ध करण्यासाठी वापरले गेले. हाम्बुर्गच्या पटकीला तेव्हा पस्तीस वर्षे झाली होती आणि मुंबईत क्लोरीन म्हणजे काय हे ठाऊक असलेले डॉक्टर होते. शुद्ध आणि स्वच्छ हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. महाडच्या तळ्यावर ते समोरासमोर उभे राहिले. मनुष्याच्या स्पर्शाने पाणी बाटते आणि शेणाने निवळते असे मानणारा समाज कॉलऱ्याने मेला तरी त्याला कारण कळणार नव्हते. या खुळ्या कल्पनेची किंमत केवळ अस्पृश्यांनीच मोजली असे नाही. त्या तळ्याचे पाणी पिणाऱ्या प्रत्येकाने ती मोजली. आपल्या व्याख्यानांत ही बाजू सहसा येत नाही, म्हणून येथे लिहिली.

४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद ठरली तेव्हा सनातनी मंडळी न्यायालयात गेली आणि १४ डिसेंबरला तळ्यावर जाण्यास मनाई हुकूम मिळविला. परिषदेस कोणी जागा देईना; फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचे पाणी प्यावयाचे की न्यायालयाचा हुकूम पाळावयाचा, या प्रश्नावर बाबासाहेबांनी हुकूम पाळण्याचा निर्णय घेतला. मिरवणूक तळ्यापर्यंत जाऊन परतली. या तळ्याचे पाणी न पिता आपण काही मरणार नाही, आपण येथे समतेसाठी आलो आहोत, असे त्यांनी लोकांना समजावले. या विधानाचा दाखला देऊन महाड हा पाण्याचा लढा नव्हताच असे आपले काही वक्ते सांगतात. आम्हास ते अर्धेच पटते. बाबासाहेबांना समता हवी होती हे खरे. पण प्रतीक म्हणून त्यांनी हातात ध्वज किंवा सिंहासन घेतले नाही, ओंजळभर पाणी घेतले. मसूरच्या वाटेवरचा मुलगा त्या ओंजळीत होता.

खटला दहा वर्षे चालला. तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांना बंदी घालणारी वहिवाट अनादी काळापासून आहे, असे वादींचे म्हणणे. महाडच्या न्यायालयाने ते फेटाळले, ठाण्याने फेटाळले आणि अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही अशी वहिवाट सिद्ध झालेली नाही असा निर्णय दिला. एका ओंजळीसाठी तीन न्यायालये चढावी लागली.

येथवरची हकीकत मुंबई इलाख्यातली. आपला प्रदेश तेव्हा निजामाच्या राज्यात होता. नांदेड हा त्या राज्याचा जिल्हा, लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातील गाव. बोल्यांचा ठराव गोदावरीच्या या काठी लागू नव्हता. पण पाण्याने बाबासाहेबांना मराठवाड्यातही गाठले. १९३४ साली ते सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहावयास निघाले असता दौलताबादच्या किल्ल्याशी थांबले. प्रवासाच्या धुळीने सारे माखलेले. किल्ल्याच्या दाराशी पाण्याने भरलेला एक हौद होता. त्यात काहींनी हातपाय, तोंड धुतले. रमजानचा महिना होता. एक वृद्ध मुसलमान ओरडत आला की या धेडांनी हौद बाटविला. जमाव जमला, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ल्यात कोठेही पाण्याला शिवणार नाही या अटीवर त्यांना आत सोडण्यात आले आणि पाळतीला हत्यारबंद शिपाई देण्यात आला. बाबासाहेबांनी ही घटना पुढे स्वतः लिहून ठेवली ती अशासाठी की, हिंदूच्या लेखी जो अस्पृश्य तो मुसलमानाच्याही लेखी अस्पृश्यच राहतो, हे परकीय वाचकास कळावे. फत्तेखानाची जमीन आणि दौलताबादचा हौद, दोन्ही खरे आहेत. इतिहासकाराने दोन्ही सांगितले पाहिजेत.

३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नडजवळ मकरणपूर येथे भाऊसाहेब मोरे यांनी भरविलेल्या परिषदेला बाबासाहेब आले आणि मराठवाड्यातील दलितांनी त्यांना प्रथमच मोठ्या संख्येने ऐकले. १९५० साली त्यांनी औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. आज साठी-सत्तरी ओलांडलेले आपले कितीतरी कार्यकर्ते आणि लेखक त्याच आवारात घडले. खेड्यात मात्र महारवाड्याचा आड वेगळाच राहिला. आडाला पाणी नसेल तर विहिरीपासून हातभर अंतरावर घागर ठेवून कोणी वरून ओतील याची वाट पाहणाऱ्या बाया आमच्या आईच्या पिढीने पाहिल्या आहेत. १९७८ च्या जुलैत विद्यापीठ नामांतराचा ठराव विधिमंडळात मंजूर होताच मराठवाड्यात जे घडले त्यात नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांचा खून झाला, वस्त्या जाळल्या गेल्या आणि पिण्याच्या विहिरीही घाण करण्यात आल्या. महाडला शुद्धीसाठी तळ्यात शेण टाकले. मराठवाड्यात शिक्षा म्हणून विहिरीत घाण टाकली.

आता पुन्हा १९४२ कडे. त्या वर्षीच्या जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. कामगारांसाठी त्यांनी केलेले कायदे सर्वांना ठाऊक आहेत. जलसिंचन आणि वीज ही खाती त्यांच्याकडे होती हे फारसे कोणाला ठाऊक नसते. १९४३ मध्ये दामोदर नदीला महापूर आला. पूर अडविण्यासाठी बांध घालून मोकळे व्हावे, अशी जुनी रीत होती. बाबासाहेबांनी अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा नमुना पुढे ठेवला : संपूर्ण खोऱ्याचा विचार एकत्र, धरण एक आणि उपयोग अनेक. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यास आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला कटक येथे महानदीविषयी परिषदा झाल्या. पाणी जास्त झाल्याने होते त्याहून अधिक हानी ते कमी पडल्याने होते, म्हणून पुराला शत्रू न मानता ते पाणी साठविले पाहिजे, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. याच काळात मध्यवर्ती जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन आयोग स्थापन झाला. आजचा केंद्रीय जल आयोग त्याचाच वारस आहे. दामोदर खोरे महामंडळ आणि हिराकूड धरण या योजनांची पायाभरणी या चार वर्षांतली आहे. ज्याला शाळेच्या नळाची तोटी उघडू दिली नव्हती, तो देशाच्या नद्यांचे नकाशे समोर पसरून बसला होता.

संविधानात त्यांनी विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा उल्लेख नावानिशी केला. अनुच्छेद १५ उघडून पाहावा. जगातील फार थोड्या संविधानांत विहीर हा शब्द मूलभूत हक्कांच्या प्रकरणात सापडेल. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, अनुच्छेद २६२ ने आंतरराज्य नद्यांच्या तंट्यांची सोय केली. त्याच्याच आधारे पुढे गोदावरीचा लवाद नेमला गेला.

आमच्या नळाशी याचा काय संबंध, असे एखादा पालक विचारील. संबंध असा की पाणी आधी साठवावे लागते, मग शुद्ध करावे लागते, आणि मग प्रत्येकापर्यंत पोहोचवावे लागते; या तिन्हींत कोठेही खंड पडला की तहान सुरू होते. नांदेड शहर विष्णुपुरीच्या जलाशयावर जगते, लातूर मांजरा धरणावर. २०१६ साली मांजरा कोरडे पडले. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणे होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावावे लागले. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. कोट्याच्या रेल्वे कारखान्यात वाफेने धुऊन काढलेल्या टाक्यांचे दहा वॅगन, प्रत्येकात सुमारे पन्नास हजार लिटर, म्हणजे पहिल्या खेपेस पाच लाख लिटर. ही गाडी १२ एप्रिलच्या पहाटे लातूरला लागली; दोन दिवसांनी बाबासाहेबांची १२५ वी जयंती होती. त्या वर्षी मिरवणुकीत पाणी कोणी उडविले नाही.

धरण भरले तरी प्रश्न संपत नाही. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीने गाळ साखळून खाली बसवितात, पाणी वाळूतून गाळतात, क्लोरीन देतात. गावात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर टाकतो. टाकतो की नाही हे ओटी चाचणीने पाच मिनिटांत कळते : नमुन्यात पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर खडक फोडून विंधन विहिरी झाल्या. जालना आणि सोलापूर येथे घडविलेल्या हातपंपांतूनच पुढे सगळ्या देशाचा हातपंप आला, ही आपल्या भागाची देणगी. त्या हातपंपाने आणखी एक गोष्ट केली. उन्हाळ्यात गावातील विहिरी आटल्या आणि पंप दलित वस्तीत चालू राहिला, तेव्हा गावाने विटाळ बाजूला ठेवून तेथे घागरी लावलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. पाऊस पडल्यावर विटाळ परत आला, तोही पाहिला.

पण खडकाखालचे पाणी निवळ दिसते म्हणून ते निर्दोष असते असे नाही. नांदेड जिल्ह्यातील काही गावांत विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर ते वर्षानुवर्षे पोटात गेले की मुलांचे दात डागाळतात, पुढे हाडे वाकतात. उकळून ते जात नाही, फडक्याने गाळून जात नाही. तुरटी आणि चुन्याने ते कमी करण्याची रीत नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने बसविली. तिला नलगोंडा पद्धत म्हणतात, आणि नलगोंडा हाही जुन्या हैदराबाद राज्याचाच जिल्हा. आरओ यंत्रानेही फ्लोराइड निघते, पण ते पुष्कळसे पाणी वाया घालविते, आणि यंत्र ज्याच्या घरी त्याच्याच पेल्यात ते पाणी जाते. वीस लिटरचा जार आज खेड्यापाड्यांत पोहोचला आहे. त्या जारमधले पाणी थंड असते हे नक्की. ते तपासलेले असते की नाही हे विकत घेणारा विचारत नाही. २० मार्चचा अभिवादन सोहळा आपण जारचे पाणी मागवून साजरा करतो. महाडच्या परिषदेचे चाळीस रुपये आम्हास तेव्हा आठवतात. ज्या वस्तीला पाइपलाइनचे शेवटचे टोक येते, जेथे नळाला पाणी सर्वांत उशिरा आणि सर्वांत कमी दाबाने पोहोचते, ती वस्ती बहुतेक गावांत कोणाची असते हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. तोटीवर आता शिपाई नाही. उतार आहे, पाइपाचा व्यास आहे, ठेकेदाराचा आराखडा आहे. त्या आराखड्यावर बोट ठेवून ग्रामसभेत प्रश्न विचारता येणारी मुले आपण घडवितो काय, एवढेच आम्ही पालकांना विचारतो.

बाबासाहेबांची अखेरची वर्षे दिल्लीत गेली. मधुमेह, अधू झालेली दृष्टी, दुखणारे पाय, आणि या सगळ्यात धम्मावरील ग्रंथाचे काम. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखोंसह धम्मदीक्षा घेतली. ५ डिसेंबरच्या रात्री ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद शेवटची नजर टाकण्यासाठी त्यांनी उशाशी मागवून घेतले. ६ डिसेंबरला सकाळी ते गेलेले आढळले. ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची जुनी कथा त्यांनी स्वीकारली नाही. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून एकोणतीस वर्षांच्या माणसाला प्रथमच दुःख कळले, हे त्यांच्या बुद्धीला पटले नाही. त्याऐवजी त्यांनी रोहिणी नदीचा तंटा पुढे आणला. शाक्य आणि कोलीय दोघेही त्या नदीच्या पाण्यावर शेती करीत. आधी पाणी कोणी घ्यावयाचे यावरून मारामारी झाली आणि शाक्यांच्या संघाने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध केला, बहुमत विरुद्ध गेले, आणि युद्धात सामील होण्याऐवजी त्याने घर सोडणे पत्करले. आपल्या वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्यावरून दर दुष्काळात जी भांडणे होतात, ती वाचताना आम्हास हे प्रकरण डोळ्यांसमोर येते.

आणखी पुढे, संघाविषयीच्या भागात, भिक्खूने जवळ बाळगावयाच्या वस्तूंची यादी आहे. तीन चीवरे, कमरपट्टा, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, आणि आठवे पाणी गाळण्याचे गाळणे. पाण्यातील सूक्ष्म जीव पोटात जाऊन मरू नयेत म्हणून ते होते. भिक्खूचे पोट त्यामुळे सांभाळले जाई ते वेगळे. अडीच हजार वर्षांपूर्वी घरदार, जात आणि मालमत्ता सोडून निघालेल्या माणसाने एवढ्या आठ वस्तू सोबत ठेवल्या, आणि त्यांत एक गाळणे होते.